परदेशातल्या शाळेशी जोडी जमवायची आहे? सुरुवात आपल्या गावच्या भिंतीपासून करा

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात एका खांबावर पुराची खूण आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी जिथवर चढलं तिथे चिखलाची रेघ उमटली होती. पूर ओसरल्यावर शिपाईमामांनी सगळ्या भिंती धुतल्या, तेवढा खांब मात्र तसाच ठेवला. त्या वर्षी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. नववीच्या मुलांनी टेप लावून खांबावरची रेघ मोजली, फोटो काढला आणि नेदरलँड्समधल्या एका शाळेला पाठवला. उत्तरात हळहळ होतीच, पण शेवटी एका मुलीनं विचारलं होतं, "पाणी येतंय हे तुम्हाला कोणी सांगितलं, आणि किती तास आधी?"

वर्गात कुणालाच नेमकं सांगता येईना. कोणी म्हणालं पोलीसपाटलांनी, कोणी म्हणालं व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "सर, आमच्या आज्जीनं दावणीच्या म्हशी सोडल्या तवा कळलं."

त्या प्रश्नानं आम्हाला वर्षभर कामाला लावलं आणि तो शेवटी ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर गेला. आंतरराष्ट्रीय सहकार्याचा प्रकल्प म्हटलं की डोळ्यांपुढे विमान, कोट घातलेले पाहुणे, औक्षण आणि स्टेजवरचा फोटो येतो. माझ्या लेखी त्या प्रकल्पाचं खरं काम वेगळं आहे. दूरचा माणूस आपल्याला असा प्रश्न विचारतो, जो आपण रोजच्या सवयीमुळे कधी विचारलाच नव्हता. त्याचं उत्तर शोधायला मुलं गावात फिरतात, आणि फिरता फिरता नागरिक होतात. सांगली-साताऱ्यातल्या शाळा, कॉलेजं आणि छोट्या संस्थांना हे कसं जमवता येईल, ते क्रमानं सांगतो. चुका आम्हीही केल्या, त्याही सांगतो.

पायरी १ : आधी आपल्या वर्गात किती जग आहे ते मोजा

परदेशी जोडीदार शोधायला घाई करू नका. पहिला महिना वर्गातच घालवा. एका कागदावर प्रत्येक मुलाचं आजोळ, घरात बोलली जाणारी भाषा, घरातलं कोण कुठे कामाला गेलंय आणि सणाला काय शिजतं एवढं लिहून घ्या. जात विचारू नका, गरज नाही.

आम्ही हे केलं तेव्हा एकाच वर्गात सहा भाषा निघाल्या. विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाई व्यवसायातली कुटुंबं देशभर सोनं-चांदी गाळायला गेलेली असतात. त्यातला एक मुलगा तमिळ घडाघडा बोलत होता आणि तीन वर्षांत हे कुणाला माहीत नव्हतं. ऊसतोडीच्या हंगामात मराठवाड्यातून आलेल्या टोळीतली दोन मुलं वर्गात होती. त्यांच्या घरी बोलतात ती बंजारा बोली इतर मुलांनी कोपीवरून (ऊसतोड कामगारांच्या झोपड्यांवरून) जाता-येता ऐकली होती, पण तीही एक भाषा आहे हे कुणाच्या मनात आलं नव्हतं. हॉलंडच्या मुलांशी गोड बोलायचं आणि कोपीवरच्या मुलाच्या शेजारी बसायचं नाही, असा प्रकल्प करण्यात काही अर्थ नाही.

यात आपल्या मातीला नवीन काही नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथे सगळ्या जातिधर्मांची मुलं एकत्र राहिली, एकत्र स्वयंपाक करून जेवली. 'आंतरसांस्कृतिक शिक्षण' हा जड शब्द पालकसभेत वापरूच नका. भाऊरावांच्या बोर्डिंगची गोष्ट सांगा, पालकांना लगेच उमजतं.

पायरी २ : रंगीत तालीम जिल्ह्यातच करा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि पुढे अडखळतात. परदेशी शाळेशी जोडून घेण्याआधी दोन महिने आपल्याच जिल्ह्यातल्या, पण वेगळ्या जगातल्या शाळेशी जोडी लावा.

सांगलीकरांना यासाठी लांब जावं लागत नाही. जत तालुक्याच्या पूर्व भागात कन्नड बोलणारी गावं आहेत, कन्नड माध्यमाच्या जिल्हा परिषद शाळा आहेत. आम्ही नदीकाठचे, दर काही वर्षांनी बुडणारे; ते दुष्काळी, टँकरची वाट पाहणारे. आणि कृष्णेचंच पाणी म्हैसाळ योजनेनं उचलून जतकडे नेतात. आमच्या मुलांनी पहिल्या पत्रात पुराचं वर्णन लिहिलं. तिकडून एकानं लिहून पाठवलं, "तुम्हाला जास्त झालेलं पाणी आमच्याकडे का येत नाही?" तेव्हा पंप, वीजबिल, कालवा, पाणीवाटप असे सगळे विषय एका फळ्यावर आले.

सातारकरांना अशीच जोडी माण-खटाव आणि कोयनाकाठच्या पाटण-महाबळेश्वर भागात सापडेल. या तालमीत तुम्हाला तीन गोष्टी कळतात: आपली मुलं प्रश्न विचारतात की नुसती माहिती ओततात, आपलं इंटरनेट किती टिकतं, आणि उत्तर यायला उशीर झाला की वर्गाचा उत्साह किती दिवसांत मावळतो. आमचा बारा दिवसांत मावळला होता. म्हणून पुढे परदेशी जोडीदाराशी ठरवलं, की दहा दिवसांच्या आत दोन ओळी तरी लिहायच्याच.

पायरी ३ : एक प्रश्न निवडा, आणि तो गावातला असू द्या

'आमची संस्कृती, तुमची संस्कृती' असा विषय घेतला की लेझीम, पुरणपोळी आणि शिवजयंतीचे फोटो जातात, तिकडून चीज आणि सायकली येतात. दोन महिन्यांत बोलणं संपतं. त्याऐवजी दोन्हीकडे लागू होईल असा, गावात चालून जाऊन उत्तर शोधावं लागेल असा प्रश्न घ्या.

आपल्या भागात असे प्रश्न पावलोपावली आहेत. पुराची सूचना माणसापर्यंत कशी पोहोचते? कोयनानगरला ११ डिसेंबर १९६७ ला मोठा भूकंप झाला. आज आपल्या शाळेत भूकंपाचा सराव होतो का, आणि जपानच्या शाळेत कसा होतो? मिरजेत सतार-तंबोरे बनवणाऱ्या कारागिरांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यांच्या मुलांपैकी किती जण तोच धंदा करतात, आणि इटलीत व्हायोलिन बनवणाऱ्या क्रेमोना शहरात काय चाललंय? भिलारचं पुस्तकांचं गाव २०१७ मध्ये सुरू झालं ते वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून सुचलं होतं. दोन्हीकडच्या गावकऱ्यांना त्यातून काय मिळालं?

प्रश्न निवडताना कसोटी एकच लावा: याचं उत्तर मिळाल्यावर ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवता येईल असं काही निघेल का? निघणार नसेल तर प्रश्न बदला. शक्य असेल तर चार प्रश्न फळ्यावर लिहून मुलांना चिठ्ठीनं मतदान करू द्या. ते त्यांचं पहिलं मतदान.

पायरी ४ : जोडीदार

सगळ्यात जवळचा रस्ता म्हणजे गावचाच माणूस. आपल्या तालुक्यातून पुणे मार्गे जर्मनी, अमेरिका, आखाती देशांत गेलेले इंजिनियर, नर्स, जहाजावरचे लोक आहेत. त्यांची मुलं तिकडच्या शाळेत जातात. एका पालकानं तिथल्या शिक्षकाला भेटून शब्द टाकला, तर अनोळखी ईमेलपेक्षा दसपट काम होतं. आम्हाला डच शाळा अशीच मिळाली, गावातल्या एका माजी विद्यार्थिनीकडून.

ती सोय नसेल तर ठरलेली जाळी आहेत. आयअर्न हे शाळांचं जाळं १९८८ पासून चालू आहे. त्यात शिक्षक आपला विषय मांडतात आणि इतर देशांतले वर्ग सामील होतात. नवख्या शाळेनं तिथे आधी दुसऱ्याच्या प्रकल्पात भाग घ्यावा, मग आपला काढावा. युनेस्कोचं सहयोगी शाळांचं जाळं १९५३ पासूनचं आहे; त्याचं सदस्यत्व राष्ट्रीय आयोगामार्फत मिळतं आणि वेळ लागतो. विद्यार्थी प्रत्यक्ष पाठवायचे असतील तर रोटरीचा युवा विनिमय कार्यक्रम आहे, एएफएस आहे. विज्ञानाकडे कल असलेल्या मुलांसाठी जपानचा सकुरा सायन्स कार्यक्रम २०१४ पासून आशियातल्या तरुणांना थोड्या दिवसांच्या भेटीवर बोलावतो. पाचगणीचं एशिया प्लॅटो हे 'इनिशिएटिव्हज ऑफ चेंज' संस्थेचं केंद्र सातारा जिल्ह्यातच आहे आणि तिथे बाहेरच्या देशांतली माणसं शिबिरांना येत असतात.

कॉलेजांसाठी युरोपीय संघाचा इरॅस्मस प्लस हा मोठा दरवाजा आहे. त्याची सध्याची फेरी २०२१ ते २०२७ ची. भारतातल्या संस्थांना उच्च शिक्षणातील क्षमताबांधणी आणि जाँ मोने (युरोपीय संघाविषयीचं अध्यापन-संशोधन) या भागांत येता येतं. विद्यार्थ्यांना इरॅस्मस मुंडसच्या संयुक्त पदव्युत्तर शिष्यवृत्त्या आहेत. संस्थेला युरोपीय संघाच्या पोर्टलवर नोंदणी करून नऊ अंकी ओळख क्रमांक घ्यावा लागतो. तो फुकट मिळतो. क्रमांक आधीच काढून ठेवा. अर्जाची मुदत आठवड्यावर आली आणि ट्रस्टच्या घटनेची प्रत सापडत नाही, ही वेळ बऱ्याच कॉलेजांवर येते.

पहिलं पत्र लहान लिहा. आम्ही लिहिलेल्या पत्राचा मराठी मसुदा असा होता:

"आम्ही कृष्णा नदीच्या काठच्या एका गावातले नववीचे ४२ विद्यार्थी आहोत. आमच्या गावात पूर येतो. पुराचा गावावर काय परिणाम होतो, याचा आम्ही अभ्यास करतोय. तुमचा देशही पाण्याशेजारी राहतो, म्हणून तुम्हाला विचारतोय. सप्टेंबर ते फेब्रुवारी या काळात आम्ही पंधरा दिवसांतून एकदा लिहू शकतो. आमचं इंग्रजी साधं आहे. तुम्हाला आमच्याकडून काय जाणून घ्यायला आवडेल?"

शेवटचं वाक्य विसरू नका. मागणीचा सूर असलेली पत्रं त्यांना ढिगानं येतात.

पायरी ५ : एका पानाचा लेखी समझोता

दोन्ही मुख्याध्यापकांच्या सहीनं एक पान करा. त्यात असावं: प्रश्न काय, कोणते वर्ग, किती फेऱ्या, दोन्हीकडचे दोन-दोन जबाबदार शिक्षक, मुलांच्या फोटोंबाबतचा नियम, आणि शेवटी कुठल्या लोकांपुढे निष्कर्ष मांडायचे. शिक्षक दोन हवेतच. जिल्हा परिषदेच्या शाळेत बदली कधी होईल सांगता येत नाही, आणि एकट्या उत्साही शिक्षकावर उभा असलेला प्रकल्प त्याच्या बदलीबरोबर एसटीत बसून निघून जातो. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठरावही करून घ्या. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे त्या समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असतात. पुढे हीच माणसं तुमच्या पाठीशी उभी राहतात.

वेळापत्रक करताना दोन्ही कॅलेंडरं शेजारी ठेवा. युरोपात जुलै-ऑगस्ट सुट्टी, आपल्याकडे दिवाळी आणि मग परीक्षा. त्यांच्याशी कामाचा काळ म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत, आणि पुन्हा जानेवारी-फेब्रुवारी. जपानचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, त्यामुळे त्यांच्याशी जून-जुलैतही जमतं. घड्याळाचं गणित पक्कं करा. नेदरलँड्स आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असतं, कारण ते ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे घेतात. आमचे ४२ विद्यार्थी एकदा तासभर पडद्यापुढे बसून राहिले ते याच कारणानं. आपले दुपारचे दोन म्हणजे त्यांचे सकाळचे साडेदहा किंवा साडेनऊ. दोन्हीकडे शाळा भरलेली असते.

पायरी ६ : पैसा घेण्याआधी कायदा वाचा

पहिल्या वर्षी एक रुपयाही परदेशातून घेऊ नका, असं मी आग्रहानं सांगतो. पत्रं, आवाजाचे संदेश, फोटो, महिन्यातून एक व्हिडिओ कॉल यासाठी डेटा पॅक आणि थोडी छपाई एवढंच लागतं. पैसा आला की कायदाही आला.

परदेशी देणगीसाठी २०१० चा परकीय अंशदान नियमन कायदा आहे, ज्याला सगळे एफसीआरए म्हणतात. २०२० मध्ये तो बराच कडक झाला. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत तिनं आपल्या मूळ कामावर १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. एवढं नसेल तर ठरावीक देणगीदाराकडून ठरावीक कामासाठी पूर्वपरवानगी मागता येते. पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांपर्यंतच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. "आमच्याकडे नोंदणी आहे, पैसे आमच्या खात्यावर घेऊ आणि तुम्हाला देऊ," असं कोणी म्हणालं तर नम्रपणे नको म्हणा. नोंदणी पाच वर्षांची असते आणि वार्षिक विवरणपत्र ३१ डिसेंबरपर्यंत भरायचं असतं.

इथे एक गोष्ट गावात नेहमी चुकते. देणगी रुपयांत आली म्हणजे ती देशी झाली असं नाही. देणारा परदेशी असेल तर कायदा लागू होतो. गावचा मुलगा अमेरिकेत आहे पण त्याचा पासपोर्ट भारतीय आहे, तर त्यानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परदेशी अंशदान धरत नाहीत. त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र धरतात, मग आडनाव गावातलंच का असेना. पैसे घेण्याआधी सनदी लेखापालाला लेखी विचारा. जिल्हा परिषद शाळांनी शिक्षणाधिकाऱ्यांना पत्र द्यावं आणि पोच घ्यावी.

मोठा निधी हवाच असेल तर रोटरीचं जागतिक अनुदान आहे, पण त्यात प्रकल्पाचा खर्च किमान ३०,००० डॉलर लागतो आणि इथला व परदेशातला असे दोन क्लब सोबत लागतात. वर्गाच्या देवाणघेवाणीसाठी ते अंगापेक्षा बोंगा मोठा. प्रयोगशाळा किंवा पाणी योजना करायची असेल तेव्हा तिकडे वळा.

पायरी ७ : मुलांची काळजी

पालकांची लेखी संमती मराठीतून घ्या. कशासाठी, कोणते फोटो, कोण पाहणार, किती दिवस ठेवणार हे त्यात लिहा, आणि पालकसभेत मोठ्यानं वाचून दाखवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती बंधनकारक आहे, आणि युरोपातल्या शाळा याबाबत आपल्यापेक्षा काटेकोर आहेत. मुलांचे खासगी नंबर किंवा इन्स्टाग्राम खाती एकमेकांना देऊ नका. सगळं शाळेच्या ईमेलवरून होऊ द्या. एखाद्या मुलाला घरचा फोटो पाठवायचा नसेल तर त्याला कारण विचारू नका. पुरात घर पडलेल्या मुलीला "तुझ्या घराचा फोटो काढ" असं मी एकदा सांगून बसलो. ती गप्प झाली आणि पुढचे दोन दिवस शाळेत आली नाही. ते मला अजून बोचतं.

परदेशी पाहुणे येणार असतील आणि कोणाच्या घरी राहणार असतील, तर त्यांची नोंद २४ तासांच्या आत ऑनलाइन करणं यजमानावर बंधनकारक आहे. जिल्हा पोलीस कार्यालयातली परदेशी नागरिकांची शाखा यात मदत करते. पाहुणे येण्याच्या आधीच जाऊन भेटा. कोणत्या व्हिसावर काय करता येतं, हेही तिथेच विचारा.

पायरी ८ : देवाणघेवाण

तीन फेऱ्या पुरतात. पहिली फेरी पाहण्याची: एकमेकांच्या गावाचा एक फोटो, त्यावर काही न लिहिता. फोटो आला की फळ्यावर तीन रकाने करायचे: 'दिसतं काय', 'वाटतं काय', 'विचारायचं काय'. आमच्या मुलांनी डच फोटो पाहून 'वाटतं काय' खाली लिहिलं, "यांच्याकडे पूर येत नसणार, सगळं सिमेंटचं आहे." मग कळलं की १९५३ मध्ये उत्तर समुद्राचं पाणी आत घुसून तिथे १,८३६ माणसं गेली होती. वर्ग शांत झाला. वाटणं आणि असणं यातला फरक मुलांना त्या दिवशी कळला.

दुसरी फेरी विचारण्याची. मुलांनी गावात दहा माणसांना भेटायचं, एकच प्रश्न विचारायचा, उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहायचं. भाषेचा बाऊ करू नका. आधी मराठीत लिहा, मग इंग्रजी करा, आणि मराठी मूळ प्रतही सोबत पाठवा. समोरच्यांना आपली लिपी पाहायला आवडते. भाषांतराचं अ‍ॅप वापरलंत तर शब्द तपासा. आमच्या एका मुलीनं लिहिलं होतं, "आई शेतात भांगलायला जाते तेव्हा आम्ही बांधावर बसून भाकरी खातो." अ‍ॅपनं बांधाचं केलं डॅम. तिकडच्या मुलांना वाटलं, इथे प्रत्येक शेताला धरण आहे! मग आमच्या पोरांनी बांध, ताल, बंधारा, धरण यांची चित्रं काढून पाठवली आणि त्यांनी त्यांच्या डाइकची, म्हणजे समुद्र-नदीचं पाणी अडवणाऱ्या मोठ्या बांधाची. पाणी अडवायला कुणाकडे किती शब्द आहेत यावर दोन तास निघाले. माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीतले ते सर्वांत चांगले दोन तास.

तिसरी फेरी तुलनेची: हे काम तुमच्याकडे कोण करतं, आमच्याकडे कोण करतं? नेदरलँड्समध्ये पाण्याची वेगळी मंडळं आहेत, आज २१. त्यांची परंपरा तेराव्या शतकापर्यंत मागे जाते. लोक दर चार वर्षांनी त्यांच्यासाठी मतदान करतात आणि वेगळा करही भरतात. हे ऐकून आमच्या मुलांनी विचारलं, "सर, मग आपल्याकडे कुणाला विचारायचं?" त्यावर मुलांनीच तक्ता केला: धरणातून विसर्ग कोण ठरवतं, तालुक्याला कोण कळवतं, गावात दवंडी कोण देतं, जनावरांची सोय कोण पाहतं. दोन रकाने रिकामे राहिले. ते रिकामे रकानेच पुढे ग्रामसभेत गेले.

तिकडच्यांनाही आपल्याकडून काही मिळायला हवं. आमच्या मुलांनी लिहिलं, की पुरात गावाच्या वरच्या अंगाच्या घरांनी खालच्या आळीतली माणसं पंधरा-पंधरा दिवस ठेवून घेतली, कुणी बोलावलं नाही तरी. डच शिक्षिकेनं नंतर कळवलं, की तिच्या वर्गानं आपापल्या गल्लीत फिरून एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी केली. त्यांना शेजाऱ्यांची नावंच माहीत नव्हती.

पायरी ९ : ग्रामसभा

इथे घाई करू नका आणि कंटाळूही नका. वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा ठरतो, म्हणून पैशाची मागणी असेल तर ती याच काळात गेली पाहिजे. फेब्रुवारीत नेलीत तर "पुढच्या वर्षी बघू" ऐकायला मिळेल. आमचं पहिल्या वर्षी तेच झालं.

१८ वर्षांखालची मुलं ग्रामसभेची सदस्य नसतात, तेव्हा विषय पालकाच्या किंवा व्यवस्थापन समितीच्या सदस्याच्या सहीनं ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी द्या आणि पोच घ्या. आधी सरपंचांना भेटा. मुलांना घेऊन जा, आरोपाचा सूर नको: "ताई, आम्ही एवढं शोधलंय, दोन गोष्टी सापडल्या नाहीत, तुम्ही सांगाल का?" असं मुलांनीच विचारावं. आमच्या सरपंचताईंनी तक्ता पाहिला आणि म्हणाल्या, "ह्ये मलाबी नव्हतं ठावं." तिथून त्या आमच्या बाजूच्या झाल्या.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा असते, तिथे विषय आधी न्या. पुरात चूल, धान्य, म्हातारीकोतारी, जनावरं सांभाळतात त्या बायकाच, आणि मुख्य सभेत माईक त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. महिला सभेत आमच्या विषयात दोन मुद्दे वाढले: गाभण जनावरं आधी हलवायची, आणि तात्पुरत्या छावणीत बायकांसाठी वेगळं न्हाणीघर हवं. नववीच्या मुलांना आणि मला ते सुचलं नसतं.

मुख्य सभेला कोरम लागतो, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जे कमी असेल तेवढा. आमची सभा पहिल्यांदा कोरमअभावी तहकूब झाली. तेव्हा मुलांनी घरोघरी जाऊन निमंत्रणाच्या चिठ्ठ्या वाटल्या. पुढच्या वेळी पार भरला. मांडणी दहा मिनिटांची ठेवा, मागण्या दोन-तीनच, आणि प्रत्येकीपुढे काम कोणाचं व खर्च किती ते लिहा. आमच्या मागण्या अशा होत्या: आयर्विन पुलावर ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोक्याची पातळी गाठल्यावर आपल्या गावात पाणी कुठे येतं, त्या दोन खुणा विजेच्या खांबांवर रंगवाव्यात, देवळाच्या भोंग्यावरून इशारा देण्याची जबाबदारी दोन माणसांवर नावानिशी टाकावी, एकट्या राहणाऱ्यांची यादी ग्रामपंचायतीत ठेवावी. पहिल्या दोन मंजूर झाल्या. तिसरीवर वाद झाला, कारण काही घरांना वाटलं की मुलं आपल्याला सांभाळत नाहीत हे चारचौघांत लागेल. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मग यादी गावच्या आशा स्वयंसेविकेकडे राहील, बाहेर लागणार नाही, असं ठरलं.

ठरावाची नक्कल मागून घ्या, तिचा इंग्रजी सारांश करून जोडीदार शाळेला पाठवा. त्यांनीही आपला विषय कुठे मांडला हे विचारा. पुढे तीन महिन्यांनी मुलांनी ग्रामपंचायतीत जाऊन 'कुठवर आलंय' विचारलंच पाहिजे; ती तारीख आजच कॅलेंडरवर लाल पेनानं मांडा.

पायरी १० : नोंद आणि पुढची सोय

मूल्यमापनाचे मोठे फॉर्म लागत नाहीत. सुरुवातीला आणि शेवटी मुलांना तेच तीन प्रश्न विचारा: दुसऱ्या देशातल्या मुलांबद्दल तुला काय वाटतं? आपल्या वर्गात वेगळी भाषा बोलणारा कोण आहे? गावात अडचण आली तर कुठे जाशील? दोन्ही वेळच्या उत्तरांचे कागद एकत्र टाचून ठेवा. फाइलमध्ये समझोता, संमतिपत्रं, पत्रांच्या प्रती, ठरावाची नक्कल आणि जोडीदार शिक्षकांचे ईमेल ठेवा, आणि जूनमध्ये आठवीच्या वर्गशिक्षकांच्या हाती द्या.

आमच्या शाळेत आता खांबावरच्या चिखलाच्या रेघेशेजारी निळी पट्टी आहे. मुलांनी ती स्वतः रंगवली, खाली '२०१९' आणि फूट-इंच लिहिले. नेदरलँड्सच्या शाळेनंही आपल्या जिन्याजवळ १९५३ ची पातळी तशाच निळ्या रंगानं मारली. त्यांच्या पट्टीखाली मराठीत 'पाणी' लिहिलंय, आमच्या पट्टीखाली डचमध्ये 'वाटर'. वेलांटी त्यांना नीट जमली नाही, म्हणून आमच्या सातवीतल्या एका मुलीनं अक्षर गिरवायचा कागद करून पाठवलाय.